नोव्हेंबरात कोण पळतंय? कॉलेज फुटबॉलचा स्ट्रेंथ प्रोग्राम जोखताना

प्रश्न थोडक्यात असा: टेक्ससमधल्या एका मराठी कुटुंबातला मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, लाइनबॅकर (बचावातला, पुढच्या फळीमागे उभा राहणारा) म्हणून खेळतो, आणि दोन कॉलेजांनी त्याला बोलावलंय. (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन, लांबट चेंडूचा.) एका कॉलेजने भेटीत भलीमोठी वेट रूम दाखवली, भिंतीवरचे विक्रमांचे फलक दाखवले आणि ‘आमच्याकडे पोरं पहिल्या वर्षातच बेंच प्रेसमध्ये पंचवीस किलो वाढवतात’ असं सांगितलं. दुसऱ्याने फारसं काही दाखवलंच नाही. मुलाचं शरीर चार वर्षं ज्यांच्या हाती द्यायचं त्यांचं काम चांगलं की वाईट, हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं, असं वडिलांनी विचारलंय.

मी या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत. माझं उत्तर दोन प्रश्नांत मावतं. हंगाम संपत आलेला असताना, नोव्हेंबरच्या शेवटी, किती मुलं ऑगस्टइतक्याच वेगाने पळतायत? आणि व्यायाम चालू असताना एखादा मुलगा डगमगला, तर हेड कोचची परवानगी न घेता ते सत्र कोण थांबवू शकतो? वजनांचे आकडे, फलक, यंत्रं, जिंकलेले सामने हे सगळं त्यानंतर. पण असं नुसतं सांगून तुमच्या हाती काही लागणार नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी स्ट्रेंथ कोचचं, म्हणजे मुलांकडून ताकदीचा व्यायाम करून घेणाऱ्या माणसाचं, महत्त्व किती असतं ते समजून घ्या. एनसीएएच्या (अमेरिकेतले कॉलेज-खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या) नियमांनुसार हंगामात खेळाडूला आठवड्याला २० तासच संघाच्या कामाला लावता येतं आणि हंगामाबाहेर ८ तास. त्या ८ तासांतलेही बहुतेक स्ट्रेंथ कोचकडे जातात, कारण हंगामाबाहेर मैदानावरच्या कोचेसना मुलांबरोबर फार थोडा वेळ मिळतो. म्हणजे जानेवारीपासूनचा हिवाळा आणि जूनपासूनचा उन्हाळा मुलगा रोज सकाळी ज्याचं तोंड बघतो तो हेड कोच नसतो, हा असतो. मुलगा कुठल्या हेड कोचसाठी खेळायला निघालाय याची चर्चा घरोघरी होते. त्याला घडवणार कोण, हे बऱ्याच आईबापांना सही झाल्यावर कळतं.

या पेशाची सुरुवातही सांगण्यासारखी आहे. १९६९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एप्ली नावाच्या पोल व्हॉल्टरला फुटबॉल संघाच्या वजन-व्यायामासाठी नेमलं. वजन उचलल्याने स्नायू जखडतात आणि खेळाडू मंद होतो, अशी तेव्हा सार्वत्रिक समजूत होती. हेड कोच बॉब डेव्हेनी यांनी एप्लीला तंबी दिली, की एक जरी मुलगा हळू झाला तरी तुझी नोकरी गेली, असा किस्सा आजही सांगतात. १९७० आणि १९७१ मध्ये नेब्रास्काने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि पुढे १९७८ मध्ये एप्लीनेच या पेशाची राष्ट्रीय संघटना, एनएससीए, स्थापन केली. गंमत म्हणजे पहिल्याच नेमणुकीला लावलेला तो निकष, मुलगा हळू होता कामा नये, मला आजही सगळ्यात चोख वाटतो. नंतरच्या पन्नास वर्षांत आपण त्यावर फलक टांगत गेलो.

आता त्या पंचवीस किलोंकडे येऊ. अठरा वर्षांचा मुलगा, हायस्कूलमध्ये दोन-तीन खेळ खेळलेला, वेट रूममध्ये जेमतेम शिस्तीने गेलेला. त्याला आठवड्यातून चार वेळा नीट वजन उचलायला लावलं, वेळेवर झोपवलं आणि भरपूर प्रथिनं असलेलं जेवण दिलं, तर तो कुणाच्याही हाताखाली वर्षभरात दणकून वाढतो. त्या वाढीचं बरंचसं श्रेय वयाचं असतं. पहिल्या वर्षाचा आकडा हा स्ट्रेंथ कोचला फुकटात मिळालेला आकडा आहे, आणि जाहिरातीत नेमका तोच असतो. तुम्ही तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं विचारा. वाढीचं सोपं पीक कापून झालं, दोन हंगामांची ठोकाठोक अंगावर बसली, एखादा खांदा कुरकुरायला लागला, आणि तरीही मुलगा पुढे जातोय का? कोचची कारागिरी तिथे दिसते. हल्ली ट्रान्सफर पोर्टलमुळे मुलं दरवर्षी संघ बदलतात, त्यामुळे एकाच कोचखाली तीन वर्षं काढलेली मुलं कमी सापडतात. पण प्रत्येक संघात काही तरी असतातच. त्यांच्याशी बोलायची संधी मागा.

आकडा कसा घेतला हेही विचारायला लाजू नका. फलकावरचा अडीचशे किलोचा स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन मारलेली बैठक) मांडी जमिनीला समांतर येईपर्यंत खाली गेला होता, की गुडघे नुसते मोडून वर आला होता? दोन्हींत पन्नास-साठ किलोंचा फरक सहज पडतो. बेंच प्रेसला डोक्याशी उभा असलेला जोडीदार ‘सगळं तूच उचलतोयस’ असं ओरडत स्वतःच बार ओढत असतो, हे दृश्य मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता हसूही येत नाही. एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, निवड-चाचणीत २२५ पौंड, म्हणजे १०२ किलो, जास्तीत जास्त किती वेळा उचलता येतात ते मोजतात. त्यामुळे कॉलेजेही त्यावर जीव टाकतात. पण तीस वेळा उचलणं ही छाती-दंडांच्या चिवटपणाची परीक्षा झाली. लाइनबॅकर समोरच्याला अडवतो तो पाय जमिनीत रोवून, नितंब आणि मांड्यांच्या जोरावर. पाठीवर झोपून तो काही अडवत नाही. बेंच प्रेस वाईट नाही. भेटीला आलेल्या पालकांना दाखवायला सोयीचा आहे, इतकंच.

मी एखाद्या प्रोग्रामची वही बघायला मिळाली तर तीन रकाने शेजारी ठेवून वाचतो: शरीराचं वजन, उभ्याने मारलेली उंच उडी, आणि पहिल्या १० यार्डांना (साधारण ९ मीटरला) लागलेला वेळ. समजा लाइनमन (अगदी पुढच्या फळीतला खेळाडू) १२४ किलोंचा आला आणि दोन वर्षांत १३६ झाला. उडी तेवढीच राहिली, १० यार्डांचा वेळही तेवढाच राहिला, तर हे फार उत्तम काम आहे: तेवढ्याच वेगाने बारा किलो जास्त वस्तुमान समोरच्यावर आदळणार. पण उडी खाली आली आणि १० यार्ड हळू झाले, तर त्याला नुसतं खाऊ घातलंय. वजन वाढल्याच्या बातम्या उन्हाळ्यात सगळीकडे छापून येतात, ‘संघाने मिळून अमुक शे किलो स्नायू कमावले’ वगैरे. त्यात दुसरा-तिसरा रकाना कधी नसतो. तुमच्या मुलाच्या जागेसाठी तर हे आणखी महत्त्वाचं. लाइनबॅकरला पळता पळता थांबावं लागतं, वळावं लागतं, पुन्हा सुटावं लागतं. वेग घेण्याइतकीच वेग मोडण्याची ताकद लागते, आणि गुडघे सांभाळायचे तर तीच आधी बांधावी लागते. तिची तयारी कशी करून घेता, असं विचारून बघा. उत्तर गुळमुळीत आलं तर नोंद करून ठेवा.

पळण्याबद्दल. फुटबॉलमधला एक डाव चालतो चार ते सात सेकंद. मग पुढच्या डावाचं घड्याळ ४० सेकंदांचं. म्हणजे हा खेळ लांब पल्ल्याचा नाही; तो स्फोट, विश्रांती, स्फोट असा तीन-साडेतीन तास चालतो. असं असूनही ‘दम वाढवायचा’ म्हणून मैदानाच्या रुंदीत, ४९-एक मीटर, इकडून तिकडे फेऱ्या मारायला लावणं, ११० यार्डांच्या धावांवर धावा काढायला लावणं आजही सर्रास चालतं. थोड्या प्रमाणात आणि योग्य वेळी त्याला जागा आहे. पण थकलेल्या पायांनी काढलेल्या धावांनी वेग वाढत नाही. वेग वाढवायचा तर मुलाला पूर्ण ताजंतवानं असताना, पूर्ण जोराने, थोड्याच वेळा पळवायचं आणि दोन धावांमध्ये मिनिटामिनिटांची विश्रांती द्यायची. बघणाऱ्याला हे आळशीपणाचं वाटतं: मुलं जास्त वेळ उभीच असतात! एखाद्या बूस्टरने, म्हणजे देणगीदाराने, असं सत्र पाहिलं तर तो हेड कोचला फोन करील. तरीही जो स्ट्रेंथ कोच मार्चमध्ये मुलांना असं उभं राहू देतो, त्याला आपलं काम कळतं, अशी माझी खात्री पटते. शिवाय आठवड्यातून एकदा तरी कमाल वेगाच्या जवळ पळणं हा हॅमस्ट्रिंग वाचवण्याचा चांगला उपाय आहे. वर्षभर पूर्ण वेगाने न पळालेला मुलगा सामन्यात एकदम पळतो, तेव्हा मांडीचा मागचा स्नायू फाटतो.

सामन्याच्या शेवटच्या, चौथ्या क्वार्टरवरून प्रोग्राम जोखायची पद्धत तर सोडूनच द्या. क्वार्टर सुरू होताना सगळे चार बोटं वर करतात, आणि हरलं की ‘दम संपला’ म्हणून स्ट्रेंथ कोचवर खापर. चौथ्या क्वार्टरात संघ ढेपाळतो त्यामागे बहुतेक वेळा राखीव फळी कच्ची असते, बचावफळी सलग मैदानावर अडकून पडलेली असते, किंवा समोरच्या कोचने डाव बदललेला असतो.

जिंकण्या-हरण्याचंही तसंच. अलाबामा विद्यापीठाचं उदाहरण सगळे देतात. तिथले नावाजलेले स्ट्रेंथ कोच स्कॉट कॉक्रन २०२० च्या सुरुवातीला जॉर्जियाला गेले, आणि तेव्हाचे हेड कोच निक सेबन यांनी इंडियाना विद्यापीठातून डेव्हिड बलू आणि मॅट रे या जोडीला आणलं. अवजड वजनांपेक्षा वेगावर आणि मोजमापावर यांचा भर. त्याच वर्षी अलाबामा १३ पैकी १३ सामने जिंकून विजेता झाला, आणि जेमतेम ७९ किलोंच्या डेव्होंटा स्मिथला हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचं, पारितोषिक मिळालं. झालं, सगळ्यांना वेगाचा मंत्र सापडला! वेगावरचा भर मला पटतोच, वर तेच लिहिलंय. पण त्या संघातले सहा जण पुढच्या एनएफएल ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीत निवडले गेले, हे विसरून कसं चालेल? असा कच्चा माल हाती असताना बरोबर प्रोग्रामही जिंकतो आणि बराचसा चुकीचा प्रोग्रामही जिंकतो. विजेतेपदावरून स्ट्रेंथ कोच ओळखता येत नाही. मधल्या फळीतल्या, फारसे नामवंत खेळाडू न मिळणाऱ्या संघाची मुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षी कशी दिसतात, तिथे जास्त कळतं.

त्याच अलाबामा संघाचा जेलन वॉडल टेनेसीविरुद्धच्या सामन्यात अगदी पहिल्याच किकऑफवर टॅकल होताना घोटा मोडून बाहेर गेला. दुखापतींचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवा. कुणी अंगावर पडून हाड मोडलं, गुडघ्यावर कुणी आदळलं, तर त्याचा दोष वेट रूमला देता येत नाही. स्ट्रेंथ कोचच्या हिशोबात धरायच्या त्या दुखापती वेगळ्या: कुणी हातही न लावता गेलेल्या. पळता पळता हॅमस्ट्रिंग, जांघ, पोटरी. यांची संख्या एका वर्षाची पाहू नका. एका वर्षात नशिबाचा वाटा फार असतो. तीन वर्षांची बघा. आणि त्यातही माझी नजर एका गोष्टीवर जास्त असते: तोच स्नायू त्याच मुलाचा पुन्हा गेला का? पहिल्यांदा फाटणं दुर्दैव असू शकतं. सहा आठवड्यांत दुसऱ्यांदा फाटलं, म्हणजे कुणीतरी त्याला घाईने परत पाठवलं.

ही माहिती मिळणार कुठे, असं तुम्ही म्हणाल. पूर्वी खरंच अवघड होतं. आता बिग टेन कॉन्फरन्सने (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) २०२३ पासून आणि एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्सने २०२४ पासून सामन्याआधी खेळाडू उपलब्ध आहेत की नाहीत याचा अहवाल जाहीर करणं बंधनकारक केलंय. (खरं कारण सट्टेबाजी आहे, पण आपल्याला काय.) त्यात दुखापत कसली हे नसतं, कोण बाहेर एवढंच असतं. तरी हंगामभराचे अहवाल ओळीने वाचले की मुख्य फळीतली किती नावं टिकली हे दिसतं. तुमची कॉलेजेस अशा कॉन्फरन्सात नसतील तर सामन्यांचं चित्रण बघा: पहिल्या सामन्याला सुरुवात करणाऱ्या बावीस जणांपैकी (आक्रमणाचे अकरा, बचावाचे अकरा) शेवटच्या सामन्याला कितीजण होते? एका संध्याकाळचं काम आहे.

हंगामातल्या व्यायामाबद्दल एकच सांगतो. उन्हाळ्यात कमावलेली ताकद हंगामात आठवड्यातून दोन छोट्या सत्रांनी टिकते. सत्र पाऊण तासाचं असलं तरी पुरे, पण वजन जड हवं. ज्या ठिकाणी हंगामात मुलं फक्त हलकी वजनं हलवून ‘अंग मोकळं’ करतात, तिथे ऑक्टोबरअखेर ताकद ओसरलेली असते आणि नेमकी तेव्हा टक्कर सगळ्यात कठीण असते.

यंत्रांबद्दल तर त्याहूनही थोडक्यात. पाठीवर जीपीएस, पायाखाली जोर मोजणारी फोर्स प्लेट, बारवर वेग मोजणारा सेन्सर. सगळं छान आहे. एवढंच विचारा: ‘या आकड्यांमुळे गेल्या महिन्यात तुम्ही कुणाचा सराव कमी केलात?’ एक-दोन खरी उदाहरणं पटकन आली तर यंत्र कामात आहे. नाही आली तर ते भिंतीवरच्या फलकांच्याच जातीचं.

आता ज्याबद्दल पालक कधीच विचारत नाहीत, आणि ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, ते.

२००० नंतरच्या दीड दशकात एनसीएए फुटबॉलमध्ये खेळताना किंवा सराव करताना जे तरुण गेले, त्यांत टकरीत मार लागून गेलेल्यांपेक्षा व्यायामाच्या श्रमाने गेलेल्यांची संख्या कितीतरी जास्त आहे. उष्माघात, हृदय, सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक दोष). म्हणजे मुलाला धोका सामन्यात जेवढा वाटतो, त्याहून जास्त तो एखाद्या रिकाम्या मैदानावरच्या सकाळच्या व्यायामात आहे. आणि हा धोका टाळता येण्यासारखा आहे, म्हणून तो जास्त जिव्हारी लागतो.

जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठाचे १३ खेळाडू रुग्णालयात दाखल झाले. सुट्टीवरून परतल्यावर त्यांना कमाल वजनाच्या निम्म्या वजनाने शंभर स्क्वॉट, तेही घड्याळ लावून, करायला सांगितले होते. जानेवारी २०१७ मध्ये ओरेगॉनचे तिघे असेच दाखल झाले. तिथेही सुट्टी नुकतीच संपलेली आणि स्ट्रेंथ कोच नवा. दोन्हीकडे निदान ऱ्हॅब्डोमायोलिसिस: सवय नसलेल्या श्रमाने स्नायूंच्या पेशी इतक्या फुटतात की त्यांतलं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडं तुंबवतं, लघवी काळ्या चहासारखी होते. यात महिना बघा. दोन्ही जानेवारी. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा, नव्या कोचचा पहिला आठवडा, नव्या मुलाचा पहिला आठवडा: बहुतेक अपघात या तीन फटींतून घुसतात. नव्या कोचला आल्या आल्या ‘इथे आता शिस्त येणार’ असं दाखवायचं असतं. कोल्हापूरच्या तालमीतला जाणता वस्तादही नव्या पोराला पहिल्याच दिवशी हजार बैठका मारायला लावत नाही. आधी त्याच्या मांड्या ओळखतो. ही अक्कल पदव्या घेतलेल्या माणसांना कागदावर लिहून द्यावी लागली. २०१९ मध्ये स्ट्रेंथ कोचेसच्या दोन्ही मोठ्या संघटनांनी मिळून नियम सुचवला: नव्या किंवा दीर्घ सुट्टीनंतर परतलेल्या मुलांसाठी पहिल्या आठवड्यात व्यायामाचं प्रमाण ५० टक्क्यांनी कमी, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २०, चौथ्यात १० टक्क्यांनी. भेटीत स्ट्रेंथ कोचला विचारा, ‘जानेवारीचा पहिला आठवडा कसा असतो?’ चांगला माणूस हा उतरता क्रम न अडखळता सांगतो. वाईट माणूस अभिमानाने सांगतो की पहिल्या दिवशी किती जणांना उलट्या झाल्या.

मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेर १९ वर्षांचा होता. २९ मे २०१८ रोजी उन्हाळी सत्र सुरू होताना ११० यार्डांच्या धावा काढताना तो कोलमडला. उष्माघात होता. उष्माघातावर उपचार एकच: जिथे पडला तिथेच, त्याच क्षणी, बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवून शरीराचं तापमान खाली आणायचं, रुग्णवाहिका त्यानंतर. अर्ध्या तासाच्या आत हे झालं तर जवळपास सगळे वाचतात. मॅकनेरला टबात ठेवलंच नाही. १३ जूनला तो गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पुढे कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली, स्ट्रेंथ कोच आणि नंतर हेड कोचही गेले. एनसीएएच्या मोठ्या कॉन्फरन्सांनी २०१६ मध्येच नियम केला होता, की खेळाडूच्या आरोग्याचा निर्णय डॉक्टर आणि अॅथलेटिक ट्रेनरचा, त्यात कोचने ढवळाढवळ करायची नाही. नियम कागदावर होताच. म्हणून मी विचारतो तो प्रश्न नियमाचा नसतो. अॅथलेटिक ट्रेनर (हा जिममधला ट्रेनर नव्हे, तो परवानाधारक आरोग्यसेवक असतो) नोकरीत कुणाला उत्तर देतो? त्याचा पगार आणि बढती हेड कोचच्या मर्जीवर असेल तर तो सत्र थांबवताना दहा वेळा विचार करील, आणि उष्माघातात दहा वेळा विचार करायला वेळ नसतो. तो क्रीडावैद्यक विभागाला किंवा विद्यापीठाच्या रुग्णालयाला उत्तर देत असेल तर गोष्ट वेगळी. आणि टब कुठे आहे, तो व्यायामाआधी भरून ठेवता का, हे दाखवायला सांगा. टेक्ससच्या उन्हात हा प्रश्न विचारणं हा काही आगाऊपणा नाही.

सिकलसेलचं मुद्दाम वेगळं लिहितो, कारण त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. २००६ मध्ये राइस विद्यापीठाचा डेल लॉइड हा १९ वर्षांचा मुलगा शंभर-शंभर यार्डांच्या सोळा धावांनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्यात सिकलसेलचा वाहक गुण होता, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर एनसीएएने २०१० मध्ये पहिल्या श्रेणीच्या (डिव्हिजन वन) कॉलेजांना ही तपासणी लागू केली. अमेरिकेत हा प्रश्न कृष्णवर्णीय खेळाडूंचा समजला जातो. पण विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात, आदिवासी आणि इतरही काही समाजांत, सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे हे आपल्याला ठाऊक आहे. इथल्या कोचला ते ठाऊक असेलच असं नाही. तुमचं मूळ गाव त्या भागातलं असेल तर तपासणी आधीच करून घ्या, आणि कुठे ‘मी नको म्हणतो’ असं नकारपत्र पुढे केलं, तर त्यावर मुलाने सही करू नये. वाहक असला म्हणून खेळ बंद होत नाही. धावांमध्ये विश्रांती वाढवायची, पाणी आणि उष्णता सांभाळायची, आणि मुलगा मंद पडला तर त्याला तिथेच थांबवायचं. असा मुलगा पेटका आल्यासारखा ओरडत नाही. तो नुसता खचत जातो, शुद्धीवर असतो, बोलतो, आणि कोचला वाटतं की हा आळस करतोय.

म्हणूनच शिक्षा म्हणून व्यायाम देणारी जागा मला कुठल्याही आकड्याशिवाय नापसंत असते. वर्गाला दांडी मारली म्हणून शंभर बर्पी, बैठकीला उशीर म्हणून सगळ्यांना फेऱ्या. व्यायाम शिक्षा म्हणून वापरू नये अशी एनसीएएची २०१९ ची शिफारस आहे, पण कारण त्याहून साधं आहे. शिक्षेच्या व्यायामाला प्रमाण नसतं. तो कोचचा राग शांत होईपर्यंत चालतो, आणि त्यात थांबणं म्हणजे हरणं, हे मुलाला शिकवलेलं असतं.

भेटीच्या दिवशी सजवलेली फेरी होऊन गेली की मागा: ‘आम्हाला एक सत्र कोपऱ्यात उभं राहून बघू द्याल का?’ मुलांच्या हातातली व्यायामपत्रिका सगळ्यांची सारखी आहे की लाइनमनची वेगळी, कॉर्नरबॅकची वेगळी, खांदा दुखणाऱ्याची वेगळी? एनएससीएच्या मानकानुसार वीस खेळाडूंमागे निदान एक प्रशिक्षित माणूस हवा. मोजा, आणि त्यांतले शिकाऊ किती तेही बघा. जखमी मुलं कोपऱ्यात सायकल मारत विसरली गेलीयत का, की त्यांच्याकडेही कुणी बघतंय? स्ट्रेंथ कोचकडे सीएससीएससारखं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आहे ना हे विचारणं ठीक, पण पहिल्या श्रेणीत ते सक्तीचंच आहे, त्याने फार काही सिद्ध होत नाही. तो इथे किती वर्षं आहे, आणि हेड कोच बदलला तर तो राहणार का, हे विचारणं जास्त उपयोगाचं. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. हेड कोच आपला माणूस बरोबर आणतो. तेव्हा चार वर्षांत मुलाच्या वाट्याला दोन प्रोग्राम येतील असं धरूनच चाला. वैद्यकीय विभाग मात्र सहसा तोच राहतो. म्हणून दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मी वैद्यकीय विभागाकडे बघून निवडीन.

जेवणाचं राहिलंच. २०१४ पासून पहिल्या श्रेणीत खेळाडूंना जेवण-खाण कितीही देता येतं, त्यामुळे प्रमाणाचा प्रश्न नाही. मुलगा शाकाहारी असेल तर आहारतज्ज्ञाला भेटूनच या. अंडं-दूध चालतं की नाही एवढं कळलं की चांगला आहारतज्ज्ञ पुढची सगळी आखणी करून देतो. ज्याला हा प्रश्न ऐकून घाम फुटतो त्याच्याकडे चार वर्षं भात आणि सॅलडच मिळेल.

तुमच्या दोन कॉलेजांबद्दल इथून निकाल देणं बरं नव्हे. एवढं म्हणेन, की ज्याने फारसं काही दाखवलं नाही त्याला त्यावरून बाद करू नका, आणि चांगलंही समजू नका. त्यांच्या स्ट्रेंथ कोचला फोन करा, जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचं विचारा, अॅथलेटिक ट्रेनर कुणाला उत्तर देतो ते विचारा, तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांशी तुमच्या मुलाला एकट्याला बोलू द्या. पहिल्या कॉलेजलाही अगदी हेच विचारा. तोवर दोघांचेही गेल्या हंगामाचे शेवटचे तीन सामने बघून काढा, आणि चेंडू सोडून फक्त लाइनबॅकरांचे पाय बघा.